एकशेविसावा दिवस

कारभारी वाकचौरेला ‘नाही’ म्हणण्याचा पगार मिळत असे.

कोपरगावजवळच्या कालव्यातून फुटणाऱ्या एका चारीचा तो पाटकरी होता. पाटकरी म्हणजे शेतांना पाणी सोडणारा माणूस, असं शहरातल्यांना वाटतं. प्रत्यक्षात पाटकऱ्याचं बहुतेक काम पाणी न सोडण्याचं. चारीचं पाणी आधी शेपटाला, म्हणजे अगदी शेवटच्या रानाला पोचवायचं आणि मग एकेक दार उघडत मुखाकडं यायचं, असा नियम. मुखाकडच्यांनी आधी दारं उचलली तर शेपटाला नुसता चिखल पोचतो. म्हणून पाणी चालू असलं की कारभारी मुखाकडच्या बंद दारांवर राखण करत बसे. लोक आधी चहा पाजत, मग ओळखी काढत, मग आईबहीण काढत. कारभारी ढिम्म. २०४१ साल होतं, दारांना मोटारी बसल्या होत्या आणि त्या मोबाईलवरून हलत. पण मोटारीला शिव्या देण्यात मजा नाही, म्हणून खात्यानं चारीवर एक जिवंत माणूस अजून ठेवलाय, असं कारभारी स्वतःच सांगे.

अशा या हेकट माणसाला एकाच ठिकाणी ‘नाही’ म्हणता येत नसे. फोनवर दीपालीचं नाव दिसलं आणि तिकडून “दादा” असा आवाज आला, की तो हातातला घास ताटात ठेवून उठे.

दीपाली त्याची सख्खी बहीण नव्हे, चुलतही नव्हे. पंधरा वर्षांपूर्वी कोपरगावात रक्तदान शिबिर होतं, तिथं फुकट मिळणाऱ्या डब्यासाठी कारभारी जाऊन आडवा झाला. आठवड्याभरानं नाशिकच्या एका रुग्णालयातून फोन आला: तुमचं रक्त एका मुलीला चालतंय, आणि तसं चालणारी माणसं अख्ख्या राज्यात पाचच सापडलीत. मुलगी अडीच वर्षांची, नाव शिवन्या, राहणार कोपरगावच. तिला थॅलेसेमिया होता. तिच्या हाडांच्या मगजात तांबड्या पेशी बनायला लागायच्या, पण कच्च्याच मोडून पडायच्या. म्हणून दर पाच आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त. आणि दुसऱ्यांचं घेऊन घेऊन तिचं शरीर इतकं चिकित्सक झालं होतं, की बहुतेकांचं रक्त ते दारातूनच परत पाठवी. कारभारीचं मात्र निमूट घेई.

बाप मुलीच्या आजाराला कंटाळून केव्हाच दुसरीकडं नांदायला गेला होता. दीपाली शिवणकाम करून घर चालवी. पहिल्याच वर्षी तिनं कारभारीला राखी बांधली आणि शिवन्या त्याला मामा म्हणायला लागली.

रुग्णालयात रक्त द्यायची खोली तळमजल्यावर आणि घ्यायची तिसऱ्या मजल्यावर. खाली देऊन झालं की कारभारी दंडावरची पट्टी मिरवत वर जाई. सुई बघून किंचाळणाऱ्या शिवन्याला सांगे, “हे बघ, आत्ताच टोचून आलो. मुंगी चावली असं समजायचं. मी तर टक लावून सुईकडं बघत असतो.”

ही शुद्ध थाप होती. पण खालच्या मजल्यावर काय होतं हे वरच्या मजल्याला कधी कळलं नाही.

बघता बघता अठ्ठावन्न पिशव्या झाल्या. पाचांतला एक परदेशी गेला, एक वारला, एकाला रक्तदाबानं गाठलं. उरला जळगावचा एक मास्तर आणि बावन्न वर्षांचा कारभारी. एका माणसानं तीन महिन्यांतून एकदाच द्यायचं असतं, म्हणजे दोघांत मिळून पाच आठवड्यांचा मेळ बसेना. शिवन्या सतरा वर्षांची झाली होती, बारावीत होती, आणि पिशवीची वाट बघताना तिचे ओठ पांढरे पडायला लागले होते.

डॉक्टर लोखंडेबाईंनी तिघांना नाशिकला बोलावून घेतलं ते याच सुमाराला. सततच्या रक्तानं मुलांच्या अंगात लोखंड साठतं, ते काढणं हे बाईंचं अर्धं काम. त्यामुळं त्यांच्या आडनावावर करायचा शिवन्यानं एकही विनोद शिल्लक ठेवला नव्हता.

“आता नीट ऐका,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक पेशीत जनुकांचा एक जाडजूड ग्रंथ असतो. तो जागचा हलत नाही. जे बनवायचं असेल त्याची चिठ्ठी उतरवली जाते, ती पेशीतल्या कामगारांकडं जाते, आणि ते चिठ्ठी वाचून प्रथिन बनवतात. पण चिठ्ठी निघाली म्हणजे माल बनलाच असं नाही. पेशीत जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे फिरत असतात. मायक्रोआरएनए म्हणतात त्यांना. आपल्या अक्षरांशी जुळणारी चिठ्ठी दिसली की हे तिच्यावर जाऊन बसतात. मग ती चिठ्ठी कुणाला वाचता येत नाही, आणि थोड्या वेळानं फाटून जाते.”

“आणि बनवतात काय ते?” कारभारीनं विचारलं.

“काहीच नाही. फक्त थांबवतात.”

“नुसतं थांबवायचं?”

“नुसतं. पण सगळं रक्त त्यावर चालतं. मगजातली मूळपेशी सुरुवातीला काहीही होऊ शकते. तिची तांबडी पेशी व्हायची, पांढरी व्हायची, की प्लेटलेट, हे कुठल्या चिठ्ठ्या वेळेवर दाबल्या गेल्या त्यावरही ठरतं.”

कारभारी खुर्चीत सरसावून बसला. “म्हणजे पाटकरीच की हो, डॉक्टर! पाणी त्याचं नाही, रान त्याचं नाही. तो आपला दार दाबून बसेल. पण तो नसला तर शेपटाला थेंब मिळायचा नाही.”

बाई हसल्या. “मी विद्यार्थ्यांना इतकी वर्षं शिकवतेय, हे सुचलं नव्हतं. मग पुढचं तुम्हाला लगेच कळेल. बाळ पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन बनवतं, त्याचं जनुक वेगळं. जन्मानंतर काही महिन्यांत एक प्रथिन येतं आणि त्या जनुकाचं दार लावून टाकतं. मग मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन सुरू होतं. शिवन्याचं हे मोठेपणीचं दारच मोडकं आहे. पण बाळपणीचं दार शाबूत आहे. फक्त बंद केलंय.”

“आणि ते बंद करणारा जो आहे, त्याची पण चिठ्ठीच असेल ना?” शिवन्या म्हणाली.

“शाबास. त्या चिठ्ठीवर बसणारा मायक्रोआरएनए आम्ही चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून मगजापर्यंत पोचवतो. तो तुकडा घरच्या घरी बनवत राहायची सूचनाही त्याच थेंबात असते. मूळपेशी एकदा शिकली की तिच्या लेकी-नातींनाही येतं. दार लावणारा तयारच होत नाही, दार उघडं राहतं.”

“पाटकऱ्यावर पाटकरी,” शिवन्या म्हणाली आणि मामाच्या हातावर टाळी दिली.

दीपाली मात्र हसली नव्हती. “यात धोका काय हाये, ते सांगा ना.”

बाईंनी लपवलं नाही. एकेका मायक्रोआरएनएचा डोळा शंभर-शंभर चिठ्ठ्यांवर असतो, प्रमाण चुकलं तर नको ती चिठ्ठीही दबते. ते प्रमाण ठरवण्यात आठ वर्षं गेली होती आणि आता त्याची काळजी नव्हती. काळजी दुसरी होती. हे औषध जन्मात एकदाच देता येई, कारण त्यानंतर शरीर त्या थेंबांना ओळखायला लागतं आणि मगजाच्या आत येऊ देत नाही. आणि इंजेक्शननंतर बारा आठवडे बाहेरचं रक्त घ्यायचं नाही.

“का?” दीपालीचा आवाज चढला.

“बाहेरचं रक्त आलं की मूत्रपिंडांना वाटतं, आता मुबलक आहे. ती मगजाला ‘पेशी बनव’ असा निरोप धाडायचं थांबवतात. मगज सुस्त पडतो. आणि हे औषध घडत्या पेशींतच रुजतं. मगज झोपला तर गेलं वाया. हिमोग्लोबिन साडेपाचच्या खाली गेलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मला न विचारता रक्त लावा, जीव पहिला. पण त्याच्या वर असेल तर कळ काढायची.”

“आणि जमलं तर?” कारभारीनं विचारलं.

“जमलं तर हिला पुन्हा कुणाचंच रक्त लागणार नाही.”

दीपालीनं तोंडावर पदर धरला. शिवन्यानं दोन्ही मुठी हवेत उडवल्या. कारभारीही हसला, अगदी मनापासून हसला. फक्त निघताना, दोघी पुढं गेल्यावर, तो दारातून परत आला आणि त्यानं विचारलं, “डॉक्टर, दिलेलं रक्त आत किती दिवस राहतं हो?”

“तांबड्या पेशीचं आयुष्य फार तर एकशेवीस दिवस. मग ती मोडते. का?”

“काही नाही. सहज.”

इंजेक्शनआधीची शेवटची पिशवी कारभारीचीच होती. महिनाभर फ्रीजमध्ये राहून ती एकोणतीस नोव्हेंबरला शिवन्याला चढली, आणि तेरा डिसेंबरला इंजेक्शन झालं. त्या संध्याकाळी कारभारीनं भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत बोटांवर हिशेब केला आणि एकोणतीस मार्चभोवती पेनानं गोल काढला.

“हे कशाचं हो?” त्याच्या बायकोनं, सिंधूनं विचारलं.

“पाण्याच्या पाळीचं.”

सिंधूला पाण्याच्या पाळ्या पाठ होत्या. पंधरा वर्षं ती या माणसाला हळिवाचे लाडू आणि बीट खाऊ घालत आली होती, ते रक्त कुणासाठी वाढतंय हे तिला ठाऊक होतं. आणि त्याला काय होतंय तेही तिला दिसत होतं. कारभारीला भीती वाटत होती. ज्या नात्याला ना कूळ होतं ना गोत, ते उभंच मुळी त्या पिशवीवर होतं. त्या गोलाच्या दिवशी पोरीच्या अंगात त्याचा एकही थेंब राहणार नव्हता. मग ती मामा कुणाला म्हणेल आणि कशापायी? असले विचार आपल्या मनात येतात याची त्याला लाजही वाटे, आणि ते यायचे काही थांबत नसत.

शिवन्याचं हिमोग्लोबिन दर शनिवारी घरीच, बोट एका छोट्या यंत्रात घालून मोजलं जाई. आकडा डॉक्टरांना जाई आणि कारभारीलाही. पहिल्या शनिवारी ९.४ होतं. मग ८.८. मग ८.१. जानेवारी अर्धा झाला तेव्हा ७ च्या खाली. शिवन्या अंथरुणात बसून पुस्तकं वाची आणि दोन पानांनी डोळे मिटे. बारावीची परीक्षा तोंडावर आली होती.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी रब्बीचं पाणी चालू होतं. कारभारी मुखाकडच्या तिसऱ्या दारावर बसला होता आणि एक द्राक्षबागायतदार त्याला त्याच्या सात पिढ्यांविषयी माहिती देत होता. तेवढ्यात फोन वाजला.

“दादा.” दीपाली रडत होती. “सहा पूर्णांक एक आलं. जिना चढताना मटकन बसली. मी तिला इथल्या दवाखान्यात आणलंय. ते म्हणू राहिले, जुळणारं रक्त आणा, लगेच लावतो. तुमचे तीन महिने झाले ना?”

“परवाच झाले. येऊ राहिलो.”

दार सोडून तो निघाला. बागायतदार बोलता बोलता थांबला, कारण चालू पाण्यात कारभारी जागेवरून उठलेला त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

दवाखान्यात पोचताच कारभारी सवयीनं बाही वर करत आत गेला आणि आडवा झाला. डोळे गच्च मिटले, दातावर दात धरले. त्यानं डॉक्टर लोखंडेंना फोन केला नाही, शिवन्याला पाहिलं नाही, काही विचारलं नाही. हाक आली की निघायचं, पंधरा वर्षांची सवय ती. पिशवी भरली, तपासणीच्या यंत्रात पाऊण तास गेला, आणि एकोणसाठावी पिशवी शिवन्याच्या खाटेजवळच्या दांडीवर लटकली. नर्सनं हातात सुई घातली, नळी जोडली. आता नळीवरची छोटी चाकी फिरवायची तेवढी बाकी होती.

शिवन्या भिंतीला टेकून बसली होती. चेहरा मेणासारखा, पण डोळे टक्क उघडे.

“मला कुणी विचारणार आहे का?” ती म्हणाली.

“काय विचारायचं?” दीपाली चिडली. “आरशात बघ एकदा स्वतःकडं.”

“मामा, तुमचं रक्त आलं की दुसऱ्या दिवशी मला मस्त वाटतं. मग ते उतरायला लागतं आणि मी तुमची वाट बघायला लागते. अख्खा जन्म मी पिशवीची वाट बघत आले. एकदा मला माझी स्वतःची वाट बघू द्या ना.”

नर्सनं चाकीकडं हात नेला, तसा कारभारी म्हणाला, “बाई, एक मिनिट.” आणि खिशातून मोबाईल काढून त्यानं शनिवारचे आकडे एकाखाली एक लावून पाहिले. नऊ चार. आठ आठ. आठ एक. सात पाच. सहा नऊ. सहा चार. सहा एक. तो पुटपुटायला लागला. “सहा उतरलं. सात उतरलं. सहा. सहा. पाच. तीन.”

“काय करू राहिले दादा तुम्ही?” दीपाली म्हणाली.

“पट्टी वाचू राहिलो.” कारभारीचा आवाज एकदम बदलला, कालव्यावर असतो तसा झाला. “दीपाली, इकडं बघ. चारीत आम्ही पाण्याच्या उंचीची पट्टी लावतो. वरून पाणी सोडलं तरी ते लगेच दिसत नाही. खालचं पाणी उतरतच असतं, लोक बोंबलतच असतात. पण पट्टीवरची घट आधी मंदावते. दर तासाला सहा बोटं उतरणारं पाणी तीन बोटं उतरायला लागतं. मग थांबतं. मग चढतं. दर आठवड्याला सहा-सहानं उतरणारं या आठवड्यात तीननं उतरलंय. वरून काहीतरी येऊ राहिलंय, पोरी. हिचं स्वतःचं.”

“आणि नसलं येत तर?”

“तर ही पिशवी इथंच हाये. मी पण इथंच हाये.”

“तुम्हाला काय जातंय बोलायला!” दीपाली ओरडली. “सतरा वर्षं मी एकच काम केलंय, हिच्यासाठी रक्त आणायचं. ते समोर लटकतंय, आणि तुम्ही म्हणू राहिले थांब!”

कारभारी उठला. त्यानं नळीवरच्या चाकीवर अंगठा ठेवला, मुखाकडच्या दारावर ठेवतो तसा घट्ट.

“खरं सांगू का तुला? मला द्यायचंय. मघाशी तुझा फोन आला तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? बरं वाटलं. मेल्या जिवाला बरं वाटलं, की अजून माझी गरज हाये. ही पिशवी चढली तर हिच्यात माझं रक्त आणखी चार महिने राहील, एवढंच माझ्या डोक्यात. ती कशी हाये हे बघायलासुद्धा आलो नाही मी, आधी जाऊन आडवा झालो. हे हिच्यासाठी नाही, दीपाली. माझ्यासाठी हाये. म्हणून तर मी सांगतो, आज नको.”

शिवन्या मामाकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दीपाली खाटेच्या कडेला बसली आणि पोरीचा पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली.

“लोखंडेबाईंना फोन लावा,” ती म्हणाली.

बाईंनी पडद्यावरून शिवन्याची नाडी, श्वास, ओठ सगळं पाहिलं आणि तिला बसल्या जागीच दोन प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, “घट मंदावल्याचं मलाही दिसलंय. पण एका आकड्यावर मी तुम्हाला शब्द देणार नाही. हिला बसल्या जागी धाप नाही, मर्यादा ओलांडलेली नाही. पिशवी फ्रीजमध्ये ठेवायला सांगा, पाच आठवडे टिकते. मुक्काम तिथंच करा. निर्णय तुमचा आणि तिचा.”

दीपालीनं शिवन्याकडं पाहिलं. पोरगी नुसती मान हलवून ‘नको’ म्हणाली. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच कारभारीची पिशवी आली तशी परत गेली.

पुढचा आठवडा तिघांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. कारभारी पाणी सांभाळून रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात येई आणि काही न करता बसे. काही न करता बसणं हे त्याचं कामच होतं, पण इतकं अवघड ते कधीच गेलं नव्हतं. शनिवारी शिवन्यानं बोट यंत्रात घातलं. ६.० आलं. दीपालीनं डोळे मिटले. “एकच बोट,” कारभारी म्हणाला, “एकच बोट उतरलंय.” त्याच्या पुढच्या शनिवारी ६.२ होतं.

मग आकडे चढत गेले, चारीत पाणी चढतं तसे, गडबड न करता. परीक्षेला शिवन्याला तळमजल्यावरचा वर्ग मिळाला, पण शेवटच्या पेपरला ती मुद्दाम दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्रिणीला भेटायला जिना चढून गेली. बारा आठवडे संपले तेव्हा ७.९ होतं आणि डॉक्टर लोखंडेंनी तिच्या रक्ताचा फोटो पाठवला. गुलाबी गोल पेशी, अर्ध्याहून अधिक नव्या. फ्रीजमधली पिशवी त्याआधीच एका बाळंतिणीला लागली होती. ती कोण, कुठली, कारभारीला कळलं नाही.

एकोणतीस मार्चला कारभारीनं सकाळी कॅलेंडरकडं पाहिलं नाही. चहा अर्धा टाकून तो चारीवर गेला आणि तिसऱ्या दारावर बसला. ऊन तापायला लागलं होतं. रानात उन्हाळी भुईमूग हिरवागार होता, आणि त्याला मात्र घरातून कुणीतरी कायमचं निघून गेल्यासारखं वाटत होतं.

चारीच्या रस्त्यानं एक सायकल येताना दिसली. सायकल कधी डावीकडं जाई, कधी उजवीकडं. वर बसलेली व्यक्ती सायकल नवीनच शिकली होती, हे लांबूनही कळत होतं. दारापाशी येऊन तिनं ब्रेक दाबायच्या ऐवजी दोन्ही पाय जमिनीवर घासले आणि धूळ उडवत थांबली.

“कोपरगावपासून!” शिवन्या धापा टाकत म्हणाली. “सात किलोमीटर! न थांबता!” मग खरं बोलावं म्हणून तिनं जोडलं, “दोनदा थांबले. एकदा पडले.”

“अगं, दीपालीला सांगून आलीस का?”

“आईला घरी गेल्यावर सांगते.” ती त्याच्याजवळ कठड्यावर बसली. गाल लाल झाले होते. तिचे गाल लाल होतात हे कारभारीला माहीतच नव्हतं. “मामा, आज एकशेवीस दिवस झाले. मोजलेत मी. आज माझ्यात तुमचं काहीच उरलेलं नाही.”

कारभारीनं पाण्याकडं पाहिलं. “हो. मी पण मोजले.”

“ठाऊक आहे. सिंधूमामीनं फोन करून सांगितलं, गोल काढून बसलेत म्हणून.”

“मग आलीस कशाला एवढ्या उन्हात?”

“तुमच्या एका थेंबाशिवाय येता येतं का, ते बघायला,” शिवन्या म्हणाली. “आले की नाही?”

कारभारीनं खांद्यावरचा पंचा तोंडावर घेतला आणि बराच वेळ घाम पुसला. पंचा खाली आला तेव्हा शिवन्यानं विचारलं, “तुमची पुढची तारीख कधी?”

“एक मे. पण आता तुला कुठं...”

“मला नाही, दुसऱ्या कुणाला लागेल ना. बंद करणार होता काय? मी पण येते. मी कधी खालचा मजला बघितलाच नाही.”

एक मे रोजी नाशिकच्या रुग्णालयात शिवन्या पहिल्यांदा तळमजल्याच्या त्या खोलीत आली. कारभारी नेहमीच्या खाटेवर आडवा झाला. नर्सनं दंडाला पट्टा आवळला, कापसानं जागा पुसली, आणि शिवन्याच्या लक्षात आलं, की तिच्या मामाचा चेहरा पांढराफटक पडलाय. डोळे घट्ट मिटलेले. ओठ आत ओढलेले. दुसऱ्या हातानं त्यानं खाटेची दांडी अशी धरली होती, की जणू कुणी त्याला उचलून नेत असावं. पायाची बोटंसुद्धा आखडलेली.

“दर वेळी असेच करतात,” नर्स हळूच म्हणाली. “एवढ्या वर्षांत एकदासुद्धा सुईकडं बघितलं नाही.”

शिवन्या जागच्या जागी उभी राहिली. अठ्ठावन्न वेळा. तिच्यासाठी हा माणूस अठ्ठावन्न वेळा असा इथं पडला होता, आणि अठ्ठावन्न वेळा हसत हसत वरच्या मजल्यावर आला होता.

ती खाटेजवळ गेली. दांडीवरची त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तो हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. हात गार पडला होता आणि तिचा गरम होता.

“मामा,” ती म्हणाली, “मुंगी चावली असं समजायचं.”

कारभारीनं डोळे उघडले नाहीत. पण सुई आत गेली तेव्हा त्यानं तिचा हात गच्च धरला, आणि पिशवी भरेपर्यंत सोडला नाही.